धाग्याचा ताण आणि कापडावरचा दोष



'ताण' हा शब्द अलीकडे मनाच्या दुखण्यापुरताच ऐकू येतो. परंतु विणकराच्या घरात तो फार जुना आहे. मागावर उभे लावलेले सूत ताणून धरावे लागते, म्हणून त्याला ताणा म्हणतात. आजचा माझा विषय हा सुतावरचा ताण होय. विषय यंत्राचा असला तरी त्याचा संबंध थेट कामगाराच्या पगाराशी आहे. सोलापूरच्या टॉवेलात लूप आखूड-लांब झाले, पट्टा पडला, की पहिला प्रश्न निघतो तो 'माग कोणाचा?' हा. खरा प्रश्न 'ताण कोठे बिघडला?' असा असावयास हवा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोजून काढता येते, हेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम ताण म्हणजे काय ते पाहू. धाग्याच्या टोकाला दहा ग्रॅमचे वजन टांगले, तर त्या धाग्यावर दहा ग्रॅम ताण आहे असे आपण म्हणू. ताण अगदीच नसेल तर सूत गुंतते, गाठी पडतात. जास्त झाला तर सुतातली लवचिकता निघून जाते. असे सूत जागेवर तुटले नाही तरी पुढच्या खात्यात तुटते, आणि दोष त्या पुढच्या माणसाच्या नावावर पडतो. सूत गुंडाळताना त्याच्या तुटण्याच्या बळाच्या साधारण दहाव्या हिश्श्याहून अधिक ताण देऊ नये, असा एक व्यवहारातला अंदाज आहे.

ताण देण्याच्या रीती मुख्यतः दोन आहेत. एक म्हणजे दोन चकत्यांच्या मध्ये सूत दाबून धरणे. ही बेरजेची रीत. मागून येणारा ताण पाच ग्रॅम असेल आणि चकत्यांनी दहा ग्रॅम घातला, तर पुढे पंधरा होतात. दुसरी रीत म्हणजे सूत एखाद्या खुंटीला वळसा देऊन नेणे. ही गुणाकाराची रीत. सूत आणि खुंटी यांच्यातला घर्षणांक दोन-दशांश धरला, तर अर्ध्या वळशाने दहा ग्रॅमचे सुमारे एकोणीस ग्रॅम होतात आणि पूर्ण वेढ्याने पस्तीस होतात. दोन वेढे दिले तर शंभराच्या वर जातात. गुणाकाराची गोम अशी की मागचा लहानसा चढउतारही तितक्याच पटीने मोठा होऊन पुढे येतो. म्हणून वाइंडिंगवर एखादे सूत चुकून खुंटीला एक वेढा जास्त घेऊन गेले, तर तेवढ्यानेही पुढे टॉवेलात उभी रेघ दिसू शकते.

आता टॉवेलाकडे वळू. याला आपण टर्किश टॉवेल म्हणतो, कारण असे कापड मूळ तुर्कस्तानातल्या बुर्सा भागात हातमागावर विणले जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील ख्रिस्ती कुटुंबाच्या कारखान्याने ते यंत्रावर आणले आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले. आज सोलापूरचा टॉवेल भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. त्याची सारी करामत एका गोष्टीत आहे. साध्या कापडाला एक ताणा पुरतो, टॉवेलाला दोन लागतात. एक तळाचा ताणा, तो ताठ. दुसरा लूपचा ताणा, तो सैल. दोघांचे बीम वेगळे, दोघांची वजने वेगळी.

लूप कसे बनते ते सावकाश पाहा. पहिले दोन आडवे धागे धोट्याने टाकल्यावर फणी त्यांना पूर्ण पुढे ठोकीत नाही. विणलेल्या कापडाच्या कडेपासून थोडे अंतर राखून ते उभे राहतात. तिसरा धागा पडला, की फणी पूर्ण ठोका देते आणि तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात. तळाचे धागे ताठ असल्यामुळे जागचे हलत नाहीत. आडवे धागे त्यांच्यावरून घसरत जातात. लूपचे सैल धागे मात्र या तिघांत पकडलेले असतात. ते त्यांच्याबरोबर पुढे ओढले जातात, आणि मधल्या अंतरातली त्यांची लांबी वाकून वर किंवा खाली उठते. हेच लूप. मधले अंतर बारा मिलिमीटर असेल, तर लूपची उंची साधारण त्याच्या निम्मी, म्हणजे सहा मिलिमीटर येते. म्हणूनच एक मीटर टॉवेलाला तळाचे सूत एक मीटरहून थोडेच अधिक लागते, आणि लूपचे सूत तीन-चार मीटर, जाड मालाला त्याहूनही अधिक जाते.

यावरून दोन्ही ताणांचे नाते ध्यानात येईल. तळाचा ताणा ढिला पडला, तर आडवे धागे त्याच्यावरून घसरत नाहीत, त्यालाही ओढून नेतात, आणि लूप नीट उठत नाही. लूपचा ताणा आवळला गेला, तर सूत बीमवरून यावयाचे ते येत नाही. नुकतेच बनलेले लूप मागे खेचले जाते आणि आखूड होते. लूपचा ताणा फारच सैल झाला, तर लूप वेडेवाकडे होतात आणि धागे एकमेकांत अडकतात. ताठाला ताठपणा आणि सैलाला सैलपणा राखणे एवढेच काम आहे, पण ते बीम भरलेला असल्यापासून रिकामा होईपर्यंत राखावयाचे आहे. अवघड आहे ते हे.

कारण बीमचे गणित विणकराच्या विरुद्ध चालते. जुन्या धोट्याच्या मागावर बीमच्या टोकाच्या चाकाला साखळी किंवा दोर गुंडाळून दांड्यावर वजन टांगतात. हा ब्रेक झाला. वजन तेच ठेवले तर ब्रेकची पकड तीच राहते. पण सूत जसजसे संपते, तसतसा बीमचा घेर लहान होतो. घेर लहान झाला म्हणजे सुताच्या हातातली तरफच आखूड झाली. भरलेल्या बीमची त्रिज्या वीस सेंटीमीटर होती, ती दहावर आली, तर सुतावरचा ताण दुप्पट होतो. विणकराने काहीच केले नाही तरी होतो! म्हणून बीम उतरत जाईल तसे वजन दांड्यावर सरकवून पकड कमी करीत जावे लागते. हे दिवसातून किती वेळा करावयाचे हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते. जुना विणकर ताण्यावर तळहात ठेवून ते ओळखतो. एका माणसाला अनेक माग सांभाळावयास दिले, की तळहात ठेवण्यास सवड उरत नाही.

याखेरीज आणखी तीन गोष्टी ताण बदलतात. पहिली धोट्यातली कांडी. ती संपत आली की सूत जास्त ओढून निघते आणि टॉवेलाची कड आत खेचली जाते. दुसरी हवा. कापसाचे सूत ओलसर हवेत बळकट असते, कोरड्या हवेत कमजोर होते. पांजणीची खळही कोरडी पडून तडकते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा जमिनीवर पाणी मारल्याशिवाय सूत टिकत नाही. तिसरी गोष्ट माग थांबणे. ताणलेले सूत उभ्या मागावर सैलावते, आणि माग पुन्हा सुरू होताना पहिले काही धागे वेगळ्या ताणावर बसतात. वीज गेली आणि आली, की टॉवेलात आडवी रेघ उमटण्याचा संभव असतो.

आता मुख्य मुद्दा. दोष कोठून आला हे कापडच सांगते, फक्त फूटपट्टी हातात घ्यावी लागते. रेघ उभी आणि लांबवर चाललेली असेल, तर दोष एका धाग्याचा. तो वाइंडिंगमधून किंवा ताणा भरताना आला. पट्टा आडवा असून एका कांडीपुरता असेल आणि कांडी बदलताच जात असेल, तर दोष आडव्या सुताचा. लूप बीमभर हळूहळू आखूड होत गेले असतील, तर वजन सरकवावयाचे राहिले. आणि आडवे पट्टे ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असतील, तर एखादी फिरणारी वस्तू दोषी आहे. माणसाचा हात इतका नियमित चुकत नाही.

एका कारखान्यात असे एक प्रकरण आमच्या युनियनकडे आले. त्या कारखान्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. एका विणकराचे टॉवेल आखूड लुपांच्या पट्ट्यांमुळे दुय्यम ठरले होते, आणि 'निष्काळजीपणा' म्हणून पैसे कापावयाचे ठरले होते. आम्ही लागोपाठच्या दिवसांचा माल टेबलावर मांडला आणि पट्ट्यांमधले अंतर मोजले. पहिल्या मालात ते अठ्ठावीस सेंटीमीटर होते, पुढच्यात पंचवीस, त्यानंतरच्यात बावीस. अंतर नियमित होते आणि नियमाने घटत होते. या मालात लूपचे सूत कापडाच्या चौपट जात होते. अठ्ठावीसला चाराने गुणले तर एकशे बारा येतात, आणि लूपच्या बीमचा घेर त्या दिवशी तेवढाच असावा असे सुताच्या हिशेबावरून दिसले. म्हणजे बीमच्या प्रत्येक फेऱ्याला एक पट्टा! बीम उतरेल तसा घेर कमी, तसे अंतर कमी. मग ब्रेकचे चाक पाहिले. त्याच्यावर एका जागी गंज चढला होता आणि तेथे साखळी दर फेऱ्याला अडकत होती. चाक घासून त्यावर ग्रॅफाइटची पूड लावली, पट्टे गेले. कपातही गेली. मॅनेजरसाहेबांशी वाद घालण्याची वेळच आली नाही, कारण आकडे त्यांनाही नाकारता आले नाहीत.

ही गोष्ट केवळ टॉवेलाची नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचे गाव आहे. तेथे १८९५ साली कॅथरीन एव्हान्स नावाच्या मुलीने चादरीवर सुईने सुताचे गोंडे भरण्याची जुनी कला पुन्हा उचलली. त्यातून घरोघरचा धंदा झाला, पुढे यंत्रे आली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या यंत्रांवर गालिचे होऊ लागले. या यंत्रात ताणाही नाही आणि बाणाही नाही. तयार कापडात सुयांची रांग सूत खुपसते आणि खालचे आकडे ते धरून लूप करतात. बारा फूट रुंदीच्या यंत्रावर इंचाला दहा सुया धरल्या, तर एक हजार चारशे चाळीस सुया झाल्या, आणि प्रत्येक सुईचे सूत स्वतंत्र कोनावरून येते. टॉवेलाला दोन बीमचे ताण सांभाळावयाचे, येथे जवळजवळ दीड हजार! सूत पुरविणारे रूळ प्रत्येक टाक्याला ठरावीक लांबी सोडतात. ती कमी पडली, तर सुई मागच्या लुपातून सूत उसने घेते आणि ते लूप आखूड होते. नक्षीसाठी हेच मुद्दाम करतात. पण एखाद्या कोनाचे सूत नळीत अडखळले, तर तेच न मागता घडते आणि गालिच्यात लांबच्या लांब रेघ पडते. तेथेही रेघ कोणत्या सुईची ते मोजून कोनापर्यंत मागे जाता येते. यंत्र बदलले, देश बदलला, तरी तपासाची रीत तीच.

आता कायद्याकडे येऊ. मालाच्या नुकसानीबद्दल पगारातून कपात करावयाची, तर ते नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, कपात नुकसानीहून जास्त असता कामा नये, आणि आधी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचे हे तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही राखलेले आहे. तत्त्व चांगले आहे. परंतु आपली बाजू मांडावयाची म्हणजे काय मांडावयाचे? 'साहेब, माझी चूक नाही' एवढेच म्हणणारा माणूस हरतो. 'पट्टे अठ्ठावीस सेंटीमीटरवर आहेत आणि बीमचा फेरा तेवढ्याचाच आहे,' असे म्हणणारा हरत नाही. शिवाय नगावर मजुरी असते तेथे कपात हा शब्दच न वापरता माल 'दुय्यम' म्हणून कमी दराने लावतात. कायद्याची ही पळवाट बुजविण्याला मोजमापाखेरीज दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

नवीन मागांवर लूपच्या बीमला स्वतंत्र मोटर असते. ताण मोजणारे यंत्र क्षणोक्षणी आकडा देते आणि बीमचा घेर घटला तरी ताण आपोआप राखला जातो. हे स्वागतार्हच आहे. विणकराच्या तळहाताचे ओझे त्याने कमी केले. मात्र तो आकडा मॅनेजरच्या खोलीतच राहिला आणि कामगाराला दिसला नाही, तर दोष ठरविण्याची जुनी रीत तशीच चालू राहील. ताणाची नोंद दोघांना खुली असावी, ही मागणी यंत्राच्या विरोधाची नाही. तिच्यात कारखानदाराचाही फायदा आहे, कारण गंजलेले चाक सोडून माणसाला दंड केला, तर उद्याचा मालही दुय्यमच निघणार.

माझ्या विणकर बंधुभगिनींना शेवटी तीन सूचना कराव्याशा वाटतात. मागाशेजारी एक वही ठेवा आणि बीम चढविल्याची तारीख, वजन सरकविल्याच्या वेळा व वीज गेल्याच्या वेळा तीत लिहा. दोष दिसला की माल उचलण्याआधी अंतर मोजा. आणि बीमचा घेर आठवड्यातून दोनदा दोरीने मोजून ठेवा. यासाठी पदवी लागत नाही. फूटपट्टी, दोरी आणि चौथीपर्यंतचे गणित पुरते. मी स्वतः यापेक्षा अधिक शाळा पाहिलेली नाही, तरी हे सारे मागाजवळ उभे राहून शिकता आले. ज्याला ताण मोजता येतो, त्याच्या माथी दुसऱ्याचा दोष सहजासहजी मारता येत नाही.