जू आणि विसावा

दिवसभर नांगर ओढून दमलेल्या बैलाला विसावा द्यावयाचा, तर शेतकरी प्रथम त्याच्या मानेवरचे जू उतरवितो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात मात्र येशू कष्टी व भाराक्रांत जनांना आपल्याकडे बोलावतो, त्यांना विसाव्याचे अभिवचन देतो, आणि लगेच आपले जू मानेवर घेण्यासही सांगतो. ही सांगड प्रथमदर्शनी विसंगत वाटते. पण ख्रिस्ती श्रद्धेतील शांतीचे मर्म तिच्यातच आहे.

गालीलातील श्रोत्यांना जू दोन अर्थांनी परिचित होते. एक शेतातले, दुसरे नियमशास्त्राचे. यहुदी परंपरा शास्त्राचे जू वाहणे हे भूषण मानी, हे येथे विसरता कामा नये. येशूनेही जू टाकून द्या असे म्हटले नाही. आपले जू सोयीचे आहे, एवढेच सांगितले. जू दोघांचे असते, आणि जोडीदार बळकट असला म्हणजे दुबळ्याचा भार हलका होतो, असा अर्थ उपदेशक मोठ्या आवडीने सांगतात. मूळ वचनात तो स्पष्ट नाही. तथापि त्याच्या आशयाशी विसंगतही नाही. हा विसावा कर्तव्यातून सुटका नव्हे. देवापुढे आपली योग्यता आपणच सिद्ध केली पाहिजे, या चिंतेतून ती सुटका आहे. क्षमा मिळावी म्हणून नव्हे, तर ती मिळाली म्हणून सदाचरण करावयाचे.

आनंदाचेही तसेच. पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र अवघे चार अध्यायांचे. ते बंदिवासातून लिहिलेले आहे, आणि तरीही त्यात आनंदाचा उच्चार पुनःपुन्हा येतो.

या विसाव्याचे मोलही द्यावे लागते. कवी नारायण वामन टिळक यांचे चरित्र पाहावे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला व तो वाचण्याचे वचन घेतले. टिळक पर्वतावरील प्रवचनापर्यंत आले आणि ते वाचून झाल्यावाचून त्यांना पुस्तक मिटवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या मनाची तळमळ शमली खरी, परंतु त्याच वार्तेने पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मनाची शांती पार हरपली. मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. एकाच्या विसाव्याचा भार दुसऱ्याच्या मानेवर पडला, हे सत्य चरित्रकारांनी झाकण्याचे कारण नाही; लक्ष्मीबाईंनी तर 'स्मृतिचित्रे'त ते लपविलेले नाहीच.

पुढे त्या पतीकडे परतल्या. पण सोवळेओवळे सांभाळूनच. टिळकांच्या वादविवादाने जे घडले नाही, ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने घडले. जातिभेद देवाने निर्मिला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी मनाशी घोळविला, आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे टिळक सांगत. म्हणूनच त्यांच्या आनंदाने परकी चाल धरली नाही. तो अभंगांतून आणि ओव्यांतून प्रकट झाला. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. १९१९ मध्ये ते वारले. मराठी चर्चमधून त्यांची भजने अद्याप गाइली जातात.