समोरच्याच्या घड्याळावर

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बटुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होत्या. क्लासिकल प्रकारातले दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांवर गेला. दुसऱ्या जलद डावात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती. घड्याळात वेळ उरला नसताना हंपी चुकल्या आणि डाव त्यांच्या हातून गेला.

बुद्धिबळाच्या घड्याळाची एका वेळी एकच बाजू चालते. खेळी करून बटण दाबले की आपला वेळ थांबतो, समोरच्याचा सुरू होतो. डोके थांबवा, असा नियम मात्र कुठेच नाही. म्हणजे समोरच्याचा विचार चालू असताना आपल्याला मिळतो तो वेळ फुकटचा. तो वापरायचा कसा, याबाबत माणूस आणि संगणक यांचे मुळीच एकमत नाही.

माणसाची रीत माजी जगज्जेते मिखाईल बोट्विनिक यांनी सांगून ठेवली आहे. आपले घड्याळ चालू असताना नेमक्या खेळी मोजाव्यात; समोरच्याचे चालू असताना एकंदर डाव न्याहाळावा. कोणते प्यादे कच्चे आहे, कोणता उंट कोंडला गेला आहे, राजा कुठे सुरक्षित राहील? समोरचा काय खेळणार हे ठाऊक नसताना खोलात मोजणी केली, तर ती बहुतेक वाया जाते.

संगणक मात्र नेमकी तीच खोल मोजणी करतो. आपली खेळी निवडताना त्याने त्यावरचे समोरच्याचे सर्वोत्तम उत्तरही शोधलेले असते. समोरचा तेच खेळणार असे धरून तो ती खेळी मनातल्या पटावर करून टाकतो आणि पुढचे मोजू लागतो. या प्रकाराला ‘पाँडरिंग’ म्हणतात.

समजा, संगणकाने आपला वजीर देऊन समोरचा वजीर मारला. आता तो वजीर परत मारण्यावाचून समोरच्याला गत्यंतर नाही. तरीही त्याने दोन मिनिटे विचार केला, तर संगणकाचीही दोन मिनिटांची मोजणी तयार होते आणि त्याच्या स्वतःच्या घड्याळातला सेकंदही खर्च होत नाही. अंदाज चुकला, तर मोजणी थांबवून नव्याने सुरुवात. तेव्हाही सगळे फुकट जात नाही. तपासलेल्या स्थिती स्मृतीत राहतात आणि खेळींच्या वेगळ्या क्रमाने तीच स्थिती पुन्हा आली, तर त्या कामी येतात.

मग सगळ्याच शक्य खेळींची तयारी का करू नये? ऐन मध्यात आलेल्या डावात तीसेक खेळी सहज शक्य असतात. दोन मिनिटे त्यांत वाटली, तर प्रत्येकीच्या वाट्याला चार सेकंद येतात. त्यापेक्षा एकाच खेळीवर सगळा वेळ लावणे परवडते, कारण तगडा खेळाडू बहुधा चांगलीच खेळी निवडतो. प्रतिस्पर्धी जितका चांगला, तितका संगणकाचा अंदाज खरा ठरतो!

१९९७ मध्ये न्यूयॉर्कला जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवणारा ‘डीप ब्लू’ हा संगणक हेच करत होता. सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणारे ते यंत्र कास्पारोव्ह विचारात असतानाही मोजत राही. पुढे २००० साली रूडॉल्फ हुबर आणि स्टेफान मायर-कालेन यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमशी, म्हणजे इंजिनाशी, संदेशांतून बोलण्याची ‘यूसीआय’ ही पद्धत आणली. तिच्यात यासाठी ठरावीक संदेश आहेत. ‘गो पाँडर’ आला की इंजिन अंदाजावर मोजू लागते, अंदाज बरोबर निघाला की ‘पाँडरहिट’ येतो, चुकला तर ‘स्टॉप’.

दोन इंजिने एकाच संगणकावर झुंजवली, तर ही सोय अडचणीची ठरते. एकाची पाळी असताना दुसरेही प्रोसेसर वापरू लागते आणि पहिल्याची ताकद खाते. म्हणून ‘टीसीईसी’ या नामांकित इंजिन स्पर्धेत पाँडरिंग बंद ठेवतात.

हा सगळा खेळ आता मोबाइलवर आला आहे. ‘ड्रॉइडफिश’ या अँड्रॉइड ॲपमध्ये ‘स्टॉकफिश’ हे जगातले अव्वल इंजिन मिळते आणि पाँडरिंगची सोयही. न्हावऱ्यासारख्या गावात बसून खेळणाऱ्या शाळकरी मुलालाही ती चालू करून बघता येईल. आपण खेळी शोधत असताना फोन तापू लागला आणि बॅटरी झरझर उतरली, तर त्यात बिघाड काही नाही. तो आपल्याच वेळात मोजतो आहे. सरावाच्या डावाला ही सोय बंदच ठेवावी. त्याविनाही स्टॉकफिश भल्याभल्यांना आवरत नाही.