वेदनेचा माग माणसाच्या पेशींत

अवयवदात्याच्या शरीरातून हृदय, यकृत, मूत्रपिंडं काढून झाली, की अमेरिकेतल्या काही शस्त्रक्रियागृहांत आणखी एक पथक पुढे येतं. त्यांना हवे असतात मणक्यांच्या कडेला हाडांत दडलेले चेतापेशींचे छोटे पुंजके. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, तर त्या कळेची वर्दी कमरेजवळच्या अशाच पुंजक्यातली पेशी मज्जारज्जूपर्यंत पोहोचवते. एकच पेशी, पण तिचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब. हे पुंजके थंड द्रावणातून प्रयोगशाळेत नेतात, पेशी सुट्या करून जगवतात आणि केसाहून बारीक टोकाच्या काचनळीने त्यांतली विद्युत हालचाल मोजतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट गेरो आणि डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात टेड प्राइस यांच्या प्रयोगशाळा या कामात आघाडीवर आहेत.

एवढा खटाटोप करावा लागतो, कारण उंदरांनी आपल्याला अनेकदा चकवलं आहे. 'सबस्टन्स पी' या वेदनेशी निगडित रसायनाची वाट अडवणारी औषधं प्राण्यांवर छान चालली, माणसांवरच्या चाचण्यांत मात्र वेदना हटली नाही. त्यांतलं अ‍ॅप्रेपिटंट पुढे केमोथेरपीतल्या उलट्यांवर कामी आलं. आता मानवी पेशी पाहिल्यावर फरक कुठे आहे ते कळू लागलंय. मिरचीचा तिखटपणा आणि भाजण्याइतकी उष्णता ओळखणारा 'टीआरपीव्ही १' हा ग्राहक उंदराच्या काहीच वेदनापेशींत ठळक असतो, माणसाच्या जवळजवळ सगळ्याच वेदनापेशींत. (या ग्राहकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं.) उंदराच्या वेदनापेशींची जी ढोबळ विभागणी पाठ्यपुस्तकांत शिकवली जाते, ती माणसात नीट लागूच पडत नाही.

मग आलं सुझेट्रिजिन. वेदनेच्या चेतापेशींत 'एनएव्ही १.८' नावाची सोडियम वाहिनी असते. ती मेंदूत जवळपास नसते, म्हणून सुझेट्रिजिनने ती बंद केली तर अफूजन्य औषधांसारखं व्यसन लागण्याची भीती राहत नाही. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेत या औषधाला तीव्र, अल्पकाळच्या वेदनेसाठी मान्यता मिळाली. बातमी खरोखर मोठी होती. पण मणक्यातली नस दाबली जाऊन पाय दुखणाऱ्या रुग्णांवरच्या चाचणीत शून्य ते दहा या मोजपट्टीवर औषधाने वेदना सरासरी २.०२ अंकांनी उतरली आणि नुसत्या बिनऔषधी गोळीने १.९८ अंकांनी! शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं आणि वर्षानुवर्षं मुरलेलं दुखणं यांना एकाच औषधाने गाठता येईल असं धरून चालता येणार नाही, हे या दोन आकड्यांतून दिसतं.

मुरलेल्या दुखण्यात पेशीचं काय होतं? ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातलं पॅट्रिक डॉहर्टी आणि सहकाऱ्यांचं काम मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. मणक्यात गाठ झालेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया करताना काही चेतामुळं कापावीच लागतात. रुग्णांच्या संमतीने त्यांचे पुंजके अभ्यासले गेले. दुखणं बोलून सांगू शकणाऱ्या माणसांच्याच या पेशी होत्या. जिथे कळ होती त्या भागातल्या काही पेशी कोणी डिवचलं नसताना आपोआप संदेश सोडत होत्या. वेदना असलेल्या स्त्री-पुरुषांच्या पेशींत बदललेली जनुकंही वेगवेगळी निघाली. प्राण्यांवरचे प्रयोग वर्षानुवर्षं बहुतेक नरांवरच होत आले, हे लक्षात घेतलं तर या निष्कर्षाचं वजन कळतं.

मधुमेहाने तळपायांची आग होणारे रुग्ण आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांच्याशी थेट नातं सांगणारं संशोधन २०२५मध्ये प्राइस यांच्या गटाने प्रसिद्ध केलं. मधुमेही चेताविकार असलेल्या दात्यांच्या पुंजक्यांत मेलेल्या चेतापेशींच्या जागी आधारपेशींचे गोळे मोठ्या संख्येने सापडले आणि त्यांत चेतातंतूंचे नवे, गुंतलेले धुमारे. झां नाजोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने असे गोळे शंभर वर्षांपूर्वीच नोंदवले होते, पण वेदनाशास्त्राने त्यांकडे फारसं पाहिलं नाही. पेशीच मरत असेल, तर तिची एखादी वाहिनी बंद करून भागणार नाही. ती मरण्याआधी वाचवावी लागेल, आणि उरलेल्या धुमाऱ्यांतून वेदनेचे संदेश निघतात का, तेही तपासावं लागेल. त्यासाठी आणखी दात्यांच्या पेशी लागतील, आणि त्या दात्यांना हयातीत कुठे, किती, कसं दुखत होतं याची नोंदही.