गुदाशयाचा कर्करोग : लहान शस्त्रक्रिया की मोठी ?

जामसांवली येथे निद्रिस्त मुद्रेतील हनुमंताच्या दर्शनास येणाऱ्या कुटुंबांत आपल्या आजारी माणसास बरोबर आणणारी पुष्कळ असतात. श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. परंतु शौचावाटे रक्त पडत असता ‘गादीवर बसून बसून मूळव्याध झाली’ असे म्हणत महिनेच्या महिने काढणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंविषयी मात्र म्हणावयाचे आहे. हे रक्त कधी कधी गुदाशयातील, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या सुमारे 15 सेंटीमीटर भागातील, कर्करोगाचे असते. तो लवकर सापडला तर रोग्यास निवडीस वाव राहतो.

1908 साली लंडनचे शल्यवैद्य माइल्स यांनी गुदाशय व गुदद्वार दोन्ही काढून पोटावर कायमचा मलमार्ग ठेवण्याची पद्धत मांडली. ‘पिशवी’ची जी धास्ती लोकांत आहे ती अशाच शस्त्रक्रियेमुळे. पुढे 1982 साली इंग्लंडमधील हील्ड यांनी गुदाशय भोवतालच्या चरबीच्या वेष्टनासह अखंड काढण्याचे महत्त्व दाखविले. लसीकाग्रंथी त्या वेष्टनातच असतात. गाठ गुदद्वारापासून पुरेशी वर असल्यास आतडे पुन्हा जोडता येते व पिशवी लागलीच तर बहुधा काही महिन्यांपुरती. तथापि पुढे शौचाची घाई होते, दिवसातून अनेकदा जावे लागते. दुकानावर बसणाऱ्यास ही गोष्ट लहान नव्हे.

तिसरा मार्ग, गुदद्वारातून केवळ गाठ काढण्याचा. पोट उघडावे लागत नाही, रोगी लवकर घरी येतो. मोह पडावा असाच हा सौदा. पण त्यात बाकी राहते. लसीकाग्रंथी जागच्या जागीच राहतात. गाठ आतड्याच्या अस्तराखालच्या थरापर्यंतच गेली असली तरी सुमारे दहांतील एका रोग्याच्या ग्रंथींत रोग पोचलेला असतो. स्नायूंच्या थरात शिरली असल्यास सुमारे पाचांतील एकाच्या. म्हणून 3 सेंटीमीटरांहून लहान, उथळ व सौम्य जातीच्या गाठीसच हा मार्ग शोभतो.

आधी एम. आर. आय. व आतून केलेली सोनोग्राफी यांवरून खोलीचा अंदाज येतो. खरा निर्णय मात्र काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर लागतो. पेशी रक्तवाहिन्यांत वा लसीकावाहिन्यांत शिरल्या असतील, अथवा कडेपर्यंत पोचल्या असतील, तर मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. प्रकृती तीस झेपण्याजोगी नसेल तर किरणोपचार व औषधे यांचा विचार होतो. आमच्या मते ‘अहवाल वाईट आला तर दुसऱ्या शस्त्रक्रियेस आमची तयारी आहे काय ?’ हा प्रश्न घरच्यांनी पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच आपसांत सोडवावा. एकदा बरे वाटू लागल्यावर त्या तयारीने पुन्हा रुग्णालयाची पायरी चढणारे थोडे.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले. आपल्या भागास नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय जवळ पडते. लहान शस्त्रक्रिया पत्करणाऱ्याने पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी व पुढे पाच वर्षे पुरी होईपर्यंत तपासणीस जाण्याचे धरूनच चालावे, मग तो दिवस ऐन संत्र्याच्या हंगामात का येईना.