वल्ह्यांचें बळ : मराठ्यांचीं गलबतें आणि डेन्मार्कच्या तोफनौका

मराठ्यांच्या आरमाराविषयीं इंग्रजी ग्रंथांत दोन विधानें वारंवार आढळतात. एक, आंग्रे हे चांचे होते. दुसरें, त्यांचीं जहाजें लहान होतीं, सबब तें खरें आरमारच नव्हे. पहिल्या विधानाचा परामर्श अनेकांनीं घेतला आहे. दुसरें मात्र आपणही निमूटपणें मान्य करतों, आणि जहाजांचें लहानपण हा एक कमीपणा समजून त्याचें समर्थन करूं लागतों. तें वैगुण्य होतें कीं समजून उमजून पत्करलेलें साधन, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. घोडनदीच्या कांठीं राहणाऱ्यानें समुद्राविषयीं लिहावें हें धाडस खरें. परंतु देशावरच्या माणसांनीं समुद्र दुरून पाहिल्याचा परिणाम काय झाला, हेंही ओघानें पुढें यावयाचें आहे.

प्रथम साधनांचें स्वरूप पाहूं. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, साधारणतः १५० ते ३०० टनांची. हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ कावळा असा आहे. तिची नाळ लांब व पुढें झुकलेली, आणि तींतून थेट समोर मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा. गलबत तिच्याहून पुष्कळ लहान. मोठ्यांत मोठें ७० टनांचें. त्यावरील तोफा २ ते ४ पौंडी, म्हणजे मोठ्या जहाजाच्या जाड फळ्यांपुढें जवळजवळ निरुपयोगी. पण गलबतास ४० ते ५० वल्हीं असत, आणि सारें मर्म या वल्ह्यांत आहे.

रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें दिलेल्या माहितीप्रमाणें आंग्र्यांच्या मुख्य ताफ्यांत ८-१० गुराबा व ४०-५० गलबतें असत. वारा पडला कीं गलबतें दोर टाकून गुराबांस ओढीत शत्रूच्या पिछाडीस आणीत. शिडाच्या जहाजाच्या तोफा त्याच्या दोन्ही कुशींस रांगेनें मांडलेल्या. पिछाडीस फार तर दोन-चार. वाऱ्यावांचून त्यास तोंड फिरवितां येत नाहीं. तेव्हां ५० तोफांचें जहाज असलें तरी त्या घटकेस तें दोन-चार तोफांचेंच होतें. गुराबांनीं आधीं त्याच्या डोलकाठ्या व शिडें मोडावयाचीं, आणि मग माणसांनीं खच्चून भरलेल्या गलबतांनीं चोहों बाजूंनीं भिडून तलवारीनिशीं वर चढावयाचें, असा हा क्रम होता.

कोंकणच्या हवेस हा डाव फार अनुकूल. पावसाळा सरल्यावर पहाटे जमिनीवरून मतलई वाहते, दुपारीं समुद्रावरून खारा वारा येतो, आणि या दोहोंच्या मध्यें कांहीं काळ समुद्र निवांत पडतो. हा काळ कोळ्या-भंडाऱ्यांस तोंडपाठ असे. खांदेरीचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १६७९ त मायनाक भंडाऱ्यानें तें बेट बळकाविलें. १८ ऑक्टोबरच्या लढाईंत 'डव्ह' नांवाची इंग्रजांची गुराब मराठ्यांच्या हातीं लागली, पण 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजापुढें मराठी आरमारास नागोठण्याच्या खाडींत परतावें लागलें. लढाई इंग्रजांनीं जिंकली असें म्हणावयास हरकत नाहीं. तथापि रात्रीं लहान होड्या बेटावर रसद पोंचवीतच राहिल्या, आणि खांदेरी अखेर मराठ्यांकडेच राहिली. पुढें १७५४ त तुळाजी आंग्र्यानें ५०, ३६ व १८ तोफांच्या तीन डच जहाजांशीं गांठ घातली. पहिलीं दोन जाळलीं व तिसरें धरलें.

आतां युरोपांतील एक प्रसंग ताडून पाहूं. सप्टेंबर १८०७ मध्यें इंग्रजांनीं तटस्थ डेन्मार्कच्या राजधानीवर, कोपनहेगनवर, तोफा डागून त्याचें मोठें आरमार उचलून नेलें. डेन्मार्कला नवीं युद्धनौदलें उभारण्यास पैसा नव्हता व वेळही नव्हता. त्यानें व नॉर्वेनें वल्ह्यांच्या तोफनौका बांधल्या. स्वीडननें असल्या नौका आधींच सिद्ध केल्या होत्या; १७९० त स्वेन्स्कसुंद येथें रशियाचा पराभव त्यांच्याच ताफ्यानें केला. डेन्मार्कच्या मोठ्या तोफनौकेवर ७०-८० माणसें व २४ पौंडी दोन तोफा असत. २० ऑक्टोबर १८०८ रोजीं डेन्मार्क व स्वीडन यांमधील सामुद्रधुनींत ६४ तोफांचें 'आफ्रिका' हें इंग्रज जहाज वारा पडल्यामुळें अडकलें. तोफनौकांनीं त्याची पिछाडी व नाळ धरून तें जर्जर केलें. रात्र पडली म्हणूनच तें बचावलें. त्याच सुमारास आमच्या शिरूरास इंग्रजांची पलटण तळ देऊन होती. तेथील कर्नल वॉलेस १८०९ त वारला व त्याचें थडगें गांवांत आहे.

साम्य उघड आहे. परंतु भेदही सांगितला पाहिजे. डेनांनीं जड तोफ लहान होडीवरच चढविली. मराठ्यांच्या लहान होडींत माणसें आणि वल्हीं. जड तोफ गुराबेवर. म्हणून डेन दुरून मारा करून जहाज जेरीस आणीत, तर मराठ्यांस शेवटीं अंगाला भिडावें लागे. माझ्या मतें हें मराठी रचनेचें खरें वैगुण्य होय. जहाजाचें लहानपण नव्हे. आणखी असें कीं, डेनांच्या या लढाईस युरोपांत युद्धच म्हणतात. त्यांस चांचे म्हणून कोणी हिणविलेलें नाहीं.

मग विजयदुर्ग कां पडला? १७५५ त पेशव्यांनीं इंग्रजांस हाताशीं धरून सुवर्णदुर्ग घेतला, आणि फेब्रुवारी १७५६ त वॉट्सन व क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. जमिनीवरून पेशव्यांची फौज होती. त्या वेळीं आंग्र्यांच्या गुराबा व गलबतें किल्ल्याच्या आसऱ्यास एकमेकांस जखडून ठेविलीं होतीं. पूर्वीं इंग्रजांकडून जिंकलेल्या 'रेस्टोरेशन' या जहाजावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि ती सर्व ताफ्यांत पसरली. म्हणजे ज्या बळावर पन्नास वर्षें दर्या राखला, तें बळ त्या दिवशीं वापरलेंच गेलें नाहीं. वल्हीं बांधलेलीं, वारा शत्रूचा, आणि पाठीमागें स्वकीयांचीच फौज. नानासाहेब पेशव्यांस तुळाजीचा बंदोबस्त करावयाचा होता; तो झाला. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत गेला, आणि पश्चिम किनाऱ्यावरचें सर्वांत अनुभवी आरमार दोन प्रहरांत राख झालें.

विजयदुर्ग पुढें इंग्रजांनीं पेशव्यांच्या हवालीं केला व तेथें धुळपांचा सुभा बसला. ८ एप्रिल १७८३ रोजीं आनंदराव धुळपानें रत्नागिरीजवळ इंग्रज कंपनीचें 'रेंजर' हें जहाज निकराच्या लढाईनंतर धरलें आणि विजयदुर्गाच्या बंदरांत आणलें.