आहे, पण रिकामं

2004च्या सिंहस्थात पुण्या-नाशकाकडून येणाऱ्या नातेवाइकांसाठी मी उज्जैनच्या घाटांची माहिती देणारं एक छोटं पान पीएचपीत केलं होतं. पत्त्याच्या शेवटी नुसतं '?मराठी' लिहिलं की हिंदी जाऊन मराठी मजकूर यावा, एवढीच अपेक्षा. पान काही केल्या हिंदी सोडेना. पत्त्यातून आलेली किंमत मी थेट 'इफ'मध्ये टाकली होती. ती होती रिकामी स्ट्रिंग, आणि पीएचपीच्या लेखी रिकामी स्ट्रिंग म्हणजे 'नाही'. किंमत नव्हे, हजेरी विचारायला हवी होती. 'इसेट' लिहिलं आणि पान मराठीत आलं.

ज्या उज्जैनवरून जाणाऱ्या रेषेला सूर्यसिद्धांतानं मध्यरेखा मानलं, म्हणजे ज्याचं देशांतरच शून्य, तिथे बसून मी रिकाम्याला 'नाही' समजलो होतो!

इतर भाषांत तऱ्हा आणखी निराळ्या. एएसपी डॉट नेटमध्ये 'मराठी' या नावानं विचारलं तर नल मिळे, कारण तिथे तो शब्द नाव नव्हे, निनावी जागेची किंमत ठरे. पायथनचं 'पार्स क्यूएस' तर रिकामी किंमत ठेवायला बजावलं नाही तर तो शब्दच गाळून टाकतं.

या गोंधळाचं मूळ जुनं आहे. सुरुवातीच्या एचटीएमएलमध्ये 'इझइंडेक्स' नावाचा टॅग होता. शोधायचे शब्द अधिकच्या चिन्हानं जोडून पत्त्यामागे लागत. नाव-किंमत अशी जोडी नसेच. बरोबरचं चिन्ह नसलेली अशी क्वेरी सीजीआय प्रोग्रॅमच्या कमांड लाइनवर पोचवायची वाट 2004च्या आरएफसी 3875मध्येही नोंदलेली आहे. 2012च्या मेमध्ये त्याच वाटेनं घात झाला. पत्त्यात '?-एस' लिहिलं की सीजीआयवरचं पीएचपी पानाऐवजी पानाचा कोडच उघडा करी. पहिली दुरुस्ती अपुरी पडली; 5.3.13 आणि 5.4.3 या आवृत्त्या काढाव्या लागल्या. 2024मध्ये विंडोजवर वेगळ्या हायफनच्या आडून तोच दोष परतला. माझं हिंदीला चिकटलेलं पान त्यापुढे किरकोळच म्हणायचं.

ब्राउझरात आता 'यूआरएलसर्चपॅरॅम्स' आहे. त्यातलं 'गेट' नसलेल्यासाठी नल देतं, रिकाम्यासाठी रिकामी स्ट्रिंग. 'हॅज' सरळ हो की नाही सांगतं. मी तेच वापरतो. फक्त त्याच्याकडून पत्ता पुन्हा लिहून घेतला, की '?मराठी'चं '?मराठी=' झालेलं असतं.