मुक्या सोबत्यांची दिवाळी

आश्विन वद्य द्वादशीची सायंकाळ. अंगणात सडा-रांगोळी झालेली असते, तुळशीवृंदावनाजवळ पहिली पणती तेवू लागते आणि गाय व तिचे वासरू यांना ओवाळण्यासाठी घरातील गृहिणी निरांजन घेऊन बाहेर येते. ही वसुबारस, महाराष्ट्रातील दिवाळीचा पहिला दिवस. मुलांनो, वर्षातील सर्वांत मोठ्या सणाचा आरंभ आपल्या पूर्वजांनी एका मुक्या प्राण्याच्या पूजनाने करावा, ही गोष्ट सामान्य नव्हे. घरच्या आनंदात गोठ्याचाही वाटा असला पाहिजे, हाच त्या पूजनाचा आशय आहे.

परंतु वसुबारस सरते आणि नरकचतुर्दशीची पहाट उजाडण्यापूर्वीच गल्लोगल्ली फटाक्यांचे धडाके सुरू होतात. जिला आपण ओवाळले, तीच गाय गोठ्यात दाव्याला हिसके देऊ लागते. कुत्रा खाटेखाली शिरून थरथर कापतो. मांजर फडताळामागे दडून बसते, ते दिवसभर दुधालाही तोंड लावीत नाही. पिंजऱ्यातील पक्षी पंख आपटून स्वतःला जखमा करून घेतात. आपली दिवाळी ती यांची दिवाळी राहत नाही. असे का होते आणि आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

प्रथम माझ्या बालपणीची एक हकीकत सांगतो. १९७१ सालची दिवाळी. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. आमच्या घरी मोत्या नावाचा एक कुत्रा होता. रात्री परसात खुट्ट झाले तरी तो भुंकून घर जागे करी. अशा शूर कुत्र्याने लवंगी फटाक्यांच्या माळेला भिऊन माजघरातील खाटेखाली दडावे, याची मला लाज वाटली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी त्याचा गळपट्टा धरून त्याला ओढीत अंगणात आणले. मित्र हसत होते. “जवळून पाहिले म्हणजे त्याची भीती मोडेल,” असे मी ऐटीत म्हणालो. इतक्यात कोणीतरी सुतळी बॉम्बची वात पेटविली. स्फोट झाला. मोत्याने असा हिसडा दिला की, पट्टा तेवढा माझ्या हाती राहिला आणि तो अंधारात दिसेनासा झाला.

पाडव्याचा सबंध दिवस आम्ही त्याला शोधण्यात घालविला. भाऊबीजेच्या संध्याकाळी कोसभर अंतरावरील ओढ्याच्या काठी तो सापडला. त्याच्या पायांची नखे रक्ताळली होती. मी हाक मारली, तेव्हा तो पोट जमिनीला टेकवून मागे मागे सरकला. वडिलांनी हाक मारली, तेव्हा मात्र तो आला. वाटेत वडील मला एका शब्दानेही रागावले नाहीत. घराजवळ आल्यावर ते इतकेच म्हणाले, “आवाज होणार हे तुला ठाऊक होते, बाळ. त्याला ठाऊक नव्हते.”

या एका वाक्यात प्राण्यांच्या भीतीचे मर्म सामावलेले आहे, हे मला पुढे उमगले.

फटाका कोणी आणला, वात कोणी पेटविली, आवाज केव्हा होणार आणि तो कशासाठी, हे सारे आपणांस माहीत असते. वात सरसरू लागली की आपण कानांवर हात ठेवतो. स्फोट झाला की हसतो. प्राण्याला यांपैकी काहीच कळत नाही. पावसाळ्यात मेघगर्जना होण्यापूर्वी निदान आभाळ भरून येते, वारा सुटतो, हवेचा वास पालटतो. फटाक्याला अशी पूर्वसूचना नसते. आवाज कधी समोरून, कधी मागून, तर कधी डोक्यावरून येतो. लगोलग डोळे दिपविणारा लखलखाट होतो आणि दारूच्या धुराचा उग्र दर्प नाकात शिरतो. अशा वेळी संकट कोठून येत आहे, हेच त्या जिवाला समजत नाही.

त्यातून प्राण्यांची श्रवणशक्ती आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण असते. ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. एका सेकंदात सुमारे २० ते २०,००० कंपने होत असतील, तर तो ध्वनी माणसाच्या कानाला ऐकू येतो. कुत्र्याच्या कानाची मर्यादा सुमारे ४५,००० कंपनांपर्यंत, तर मांजराची सुमारे ६४,००० कंपनांपर्यंत जाते. म्हणजे आपल्या कानी न पडणारे कित्येक ध्वनी त्यांना ऐकू येतात. ज्या कानांना गवतातील उंदराची सळसळ टिपावयाची असते, त्या कानांशी सुतळी बॉम्ब फुटला म्हणजे काय होत असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

ध्वनीची पातळी डेसिबेल या एककात मोजतात. या मापनातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पातळी दहा डेसिबेलने वाढली की ध्वनीची तीव्रता दसपट होते. आपले साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेलचे असते. फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर ज्याचा आवाज १२५ डेसिबेलहून अधिक भरतो, असा सुटा फटाका बनविण्यास व विकण्यास आपल्या देशात मनाई आहे. पण हिशेब करून पाहा: १२५ डेसिबेलच्या ध्वनीची तीव्रता साध्या संभाषणाच्या दहा लाख पटींहूनही अधिक असते! तेव्हा नियमात बसणारा फटाकादेखील प्राण्यांच्या कानांना सौम्य असतो, असे मुळीच नाही.

हा आवाज कानी पडताच प्राण्याचा मेंदू शरीराला धोक्याची सूचना देतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात मिसळतो. हृदय जलद धडधडू लागते, श्वासाची गती वाढते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि स्नायू ताठ होतात. पळून जावे किंवा झुंज द्यावी, यासाठी निसर्गाने केलेली ही सिद्धता होय. म्हणूनच भ्यालेले कुत्रे भिंती ओरबाडते, दारे खरवडते, वाट फुटेल तिकडे धावत सुटते. एरवी गरीब असलेले जनावरही अशा वेळी चावते. त्याला भित्रे म्हणणे अथवा आज्ञा मोडल्याबद्दल मारणे हा शुद्ध अन्याय आहे.

“सवय झाली म्हणजे भीती आपोआप जाईल,” असे पुष्कळ लोक म्हणतात. मीही तसेच म्हटले होते. परंतु अनुभव बहुधा याच्या उलट येतो. इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर पुष्कळ प्रयोग केले. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिकही मिळाले होते. अन्न देण्यापूर्वी दर वेळी एक विशिष्ट ध्वनी ऐकविला, तर पुढे अन्न समोर नसतानाही केवळ त्या ध्वनीने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, असे त्यांना आढळून आले. ध्वनीची सांगड जशी अन्नाशी बसते, तशीच ती भीतीशीही बसते. दरवर्षी घाबरलेला कुत्रा पुढे वात सरसरण्याच्या आवाजानेही कापू लागतो. भीती अशी मुरत जाते, मोडत नाही.

याच नियमाचा आपण चांगला उपयोग करून घेऊ शकतो. दिवाळीला दोन-तीन महिने अवकाश असतानाच फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू, कानोसा घेतल्याखेरीज ऐकू न येईल इतका हळू लावावा आणि त्याच वेळी कुत्र्याला त्याचा आवडता खाऊ द्यावा. तो शांत राहिला, तर काही दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. त्याने कान पाडले, जिभल्या चाटल्या वा खाऊ नाकारला, तर आवाज पुन्हा कमी करावा. या कामी उतावीळपणा उपयोगाचा नाही. हळूहळू त्या आवाजाची सांगड भीतीऐवजी खाऊशी बसू लागते.

आता प्रत्यक्ष दिवाळीच्या दिवसांत काय करावे, ते पाहू. कुत्र्याला दिवस मावळण्यापूर्वीच फिरवून आणावे व खाऊ घालावे. घराच्या आतल्या अंगाची एखादी खोली त्याच्यासाठी राखून ठेवावी. खिडक्या बंद करून पडदे ओढावेत, म्हणजे लखलखाट दिसणार नाही. आकाशवाणी किंवा दूरदर्शन संच मंद आवाजात चालू ठेवला, तर बाहेरचा धडाका थोडा बुजतो. खाटेखाली जुने पांघरूण अंथरून पाण्याचे भांडे जवळ ठेवावे. प्राणी जेथे दडला असेल, तेथून त्याला ओढून काढू नये. मांजराला बहुधा उंच किंवा अंधारी जागा आवडते. ती त्याला निवडू द्यावी.

कुत्र्याला साखळीने अंगणात बांधून ठेवणे तर फारच धोक्याचे. हिसके देताना त्याला गळफास बसू शकतो. त्याच्या गळपट्ट्यावर घरचा दूरध्वनी क्रमांक मात्र अवश्य लिहावा. तो हरवलाच, तर त्या क्रमांकामुळे परत मिळण्याची आशा राहते.

भ्यालेल्या प्राण्याला जवळ घेतले, तर त्याची भीती वाढते, असा एक समज आहे. तो खरा नाही. तो आपण होऊन आपल्याजवळ आला, तर त्याच्या पाठीवरून शांतपणे हात फिरवावा. आला नाही, तर नुसते त्याच खोलीत बसून राहावे. आपण स्वस्थ आहोत, हे त्याला दिसले पाहिजे. भीती फारच अनावर होत असेल, तर काही दिवस आधीच पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. माणसांची औषधे प्राण्यांना कदापि देऊ नयेत. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते.

गोठ्यातील जनावरांनाही विसरू नका. गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीजवळ फटाके मुळीच उडवू नयेत. दावे सुरगाठीने बांधावे, म्हणजे प्रसंगी ते एका ओढीसरशी सोडता येते. पक्ष्यांचा पिंजरा आतल्या खोलीत ठेवून, हवा खेळती राहील अशा बेताने त्यावर कापड टाकावे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना तर घरही नसते. ती जिन्याखाली आश्रयाला आली, तर हाकलून देऊ नका. सकाळी उठल्यावर अंगणातील फटाक्यांचा कचरा झाडून काढा. त्यातील दारू व क्षार कुत्र्यांच्या पोटात गेल्यास त्यांना विषबाधा होते.

कुत्र्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधून गंमत पाहणारी मुले कोठे कोठे आढळतात. ही गंमत नव्हे. १९६० च्या कायद्यानुसार प्राण्यांना असे क्रूरपणे वागविणे हा गुन्हा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजवू नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे. तथापि, केवळ कायद्याच्या धाकाने दया उत्पन्न होत नाही. ती मनातूनच यावी लागते.

ती कशी येते, याचे एक सुंदर उदाहरण तमिळनाडूत पाहावयास मिळते. शिवगंगा जिल्ह्यात कोल्लुकुडिपट्टी नावाचे एक खेडे आहे. त्याला लागूनच वेट्टंगुडीचे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्याच्या सुमारास दूरदूरचे पक्षी तेथील तळ्यांवर येतात, झाडांवर घरटी बांधतात. फटाक्यांच्या आवाजाने ते बिथरून उडून जाऊ नयेत, म्हणून या गावचे लोक गेली अनेक दशके दिवाळीतही फटाके वाजवीत नाहीत. तेथील मुले तुमच्यासारखीच मुले आहेत. फटाक्यांची हौस त्यांनाही असणारच. परंतु आपल्या झाडांवर उतरलेल्या पाहुण्यांसाठी ती आपली हौस आवरतात.

मुलांनो, दिवाळी हा दिव्यांचा सण आहे. पणत्यांची आरास, आकाशकंदील, रांगोळी, मातीचा किल्ला, फराळाचे ताट, यांपैकी कशानेही कोणा जिवाचा थरकाप उडत नाही. आवाज वगळला, तरी दिवाळीत आनंदाला काय तोटा आहे?

मोत्याची पुढची दिवाळी सांगून हा पाठ संपवितो. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाची आरती होताच मी माझ्या वाट्याचे फटाके तसेच ठेवून माजघरात गेलो, दार लावून घेतले आणि खाटेजवळ जमिनीवर बसलो. बाहेर धडाके चालू होते. खाटेखालच्या अंधारात मोत्याचे डोळे चमकत होते. मी त्याला हाक मारली नाही. पुष्कळ वेळाने तो सरपटत बाहेर आला आणि माझ्या पायावर डोके ठेवून पडून राहिला. त्याचे अंग अजून कापत होते. पण या खेपेला तो माझ्यापासून दूर सरकला नाही.

आवाज होणार हे आपल्याला ठाऊक असते, त्यांना नसते. म्हणून त्यांची काळजी अगोदर वाहण्याचे काम आपले आहे.